चिनी तंतुवाद्यसंगीत : छिन व पिपा

चीनमध्ये बोटांनी वा नखांनी छेडून वाजविण्याच्या तंतुवाद्यांची परंपरा सुमारे अडीच हजार वर्षांची आहे. तीत छिन किंवा गूछिन (शब्दशः ‘प्राचीन छिन’) आणि पिपा ही दोन वाद्ये प्रमुख होत. यांखेरीज घोड्यांवर तारा ताणलेले झंग, लांब दांडीचे तीन तारांचे सान-श्येन, वाटोळ्या भोपळ्याचे रुआन इ. वाद्ये प्रचारात आहेत. तथापि संगीतविषयक ग्रंथ, स्वरलिपीचे संग्रह आणि आख्यायिका यांचा मोठा भाग छिन व पिपा यांच्याभोवती गुंफला गेला आहे. या संगीतातील जवळजवळ प्रत्येक रचनेला शीर्षक असते आणि बहुतेक शीर्षकांमागे एखादी कथा असते. परदेशी श्रोत्यास ही कथा अलंकारासारखी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती रचनेचा भाग आहे. कारण छिनच्या स्वरलिपीत जे लिहिले जात नाही, ते गुरुमुखाने आणि कथेच्या आधाराने पुढच्या पिढीकडे जाते. ही साखळी तुटली, म्हणजे हाती राहिलेल्या लिखितातून संगीत पुन्हा उभे करता येते काय, हा या परंपरेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

छिन : हे सुमारे १२० सेंमी. लांबीचे, आडवे ठेवून वाजविण्याचे सात तारांचे वाद्य. दोन लाकडी फळ्या एकमेकींवर बसवून व लाखेचे रोगण देऊन ते तयार करतात. वीणेसारखे पडदे त्यास नसतात, अथवा झंगप्रमाणे प्रत्येक तारेखाली घोडीही नसते. वरच्या फळीच्या कडेने बसविलेल्या १३ टिकल्या तारेच्या विभागांची स्थाने दाखवितात. उजव्या हाताने तार छेडावयाची व डाव्या हाताच्या बोटांनी ती दाबून, घासून, हेलकावे देऊन स्वरास आकार द्यावयाचा, असा याचा बाज आहे. मोकळ्या तारेचा, दाबलेल्या तारेचा आणि नुसत्या स्पर्शाने निघणारा घंटेसारखा, असे स्वराचे तीन प्रकार मानले असून त्यांस अनुक्रमे पृथ्वी, मनुष्य व आकाश यांची प्रतीके समजतात. आपल्याकडील मींड व आंदोलन यांच्याशी डाव्या हाताच्या कामाचे बरेच साम्य आहे. स्वर छेडल्यानंतर तो जवळजवळ विरेपर्यंत बोट तारेवरून सरकत राहते, आणि शेवटी ऐकू येतो तो केवळ बोटाच्या घर्षणाचा आवाज. जाणकार श्रोते या घर्षणासही संगीताचाच अंश मानतात.

वाद्याची प्राचीनता उत्खननांनी सिद्ध झाली आहे. हूबे प्रांतात १९७८ मध्ये उघडलेल्या झंग राज्याच्या यी या सरदाराच्या थडग्यात (सु. इ. स. पू. ४३३) दहा तारांचे एक आखूड छिन मिळाले, इ. स. पू. १६८ मधील मावांगदुई येथील थडग्यात सात तारांचे छिन सापडले. कन्फ्यूशसच्या अनुयायांनी या वाद्यास चारित्र्यसंवर्धनाचे साधन मानले. पुढे छिन, बुद्धिबळासारखा वेइ-छी हा पटावरील खेळ, सुलेखन व चित्रकला या चार कला सुसंस्कृत पुरुषाची लक्षणे ठरल्या. परिणामी छिन हे दरबारी वा बाजारी मनोरंजनाचे वाद्य न राहता विद्वानाच्या अभ्यासिकेतील वाद्य झाले. त्याचा आवाजही लहान असतो. शेजारच्या दालनात तो क्वचितच पोहोचतो. ते स्वतःसाठी, फार तर एका मित्रासाठी वाजवावयाचे, ही कल्पना या सौम्य नादातूनच पुष्ट झाली असावी.

स्वरलिपी : छिनचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखन म्हणजे ‘यौ-लान’ (एकांतातील ऑर्किड) या रचनेचे सातव्या शतकातील हस्तलिखित होय. ते जपानमध्ये क्योटो येथे जतन झाले व सध्या टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चीनमध्ये त्याची आठवण पूर्णपणे बुजली होती. १८८४ मध्ये त्याची प्रत छापली गेली तेव्हा चिनी विद्वानांना तिचा पुन्हा परिचय झाला. सुमारे पाच हजार अक्षरांच्या या लेखनात कोणते बोट कोणत्या तारेवर, कोणत्या टिकलीपाशी ठेवावे व कसे उचलावे, हे चक्क वाक्ये लिहून सांगितले आहे. तांग काळात (६१८–९०७) या वाक्यांतील अक्षरांचे तुकडे घेऊन ते एकाच जोडाक्षरात बसविण्याची युक्ती निघाली. तिचे श्रेय त्साव रौ याला देतात. डाव्या हाताचे बोट, टिकलीचा क्रमांक, उजव्या हाताचा आघात व तारेचा क्रमांक एवढे सर्व एका चिन्हात मावते. ही पद्धती आजतागायत रूढ आहे.

या लिपीत स्वराचे नाव नसते, त्याचप्रमाणे कालमानही नसते. कोणता स्वर किती वेळ धरावा, कोठे थांबावे, ठेका कसा चालावा, यांविषयी ती प्रायः मौन पाळते. आपल्या बंदिशींच्या लेखनात मात्रा व सम दाखविल्या नाहीत तर काय होईल, याची कल्पना केल्यास अडचण ध्यानी येते. गुरूजवळ बसून शिकलेल्या रचनेस या उणिवेची बाधा नसते. परंतु ज्या रचनेची गुरुपरंपरा खंडित झाली, ती वादकास चिन्हांवरून शोधून काढावी लागते. या कामास ‘दा-फू’ म्हणतात. एकेका रचनेस महिने, कधी वर्षेही लागतात. वादक प्रथम बोटांची स्थाने निश्चित करतो, मग वाक्ये पाडतो आणि अखेर लय ठरवितो. लय ठरविताना शीर्षक, प्रत्येक विभागाचे उपशीर्षक व संग्राहकाने आरंभी दिलेली कथा हेच त्याचे मुख्य मार्गदर्शक असतात. एकाच लिखितावरून दोन वादकांनी सिद्ध केलेल्या रचना म्हणूनच बऱ्याच भिन्न भासतात, व तो दोष मानला जात नाही.

पो-या व चुंग त्झ-छी : छिनच्या कथांपैकी सर्वांत लोकप्रिय कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ‘लू-शी छुन-छ्यू’ या ग्रंथात आढळते. पो-या छिन वाजवी व चुंग त्झ-छी ऐके. पो-याच्या मनात उंच पर्वत असला की त्झ-छी म्हणे, हे तर थाय पर्वतासारखे उत्तुंग आहे. मनात वाहते पाणी असले की तो प्रवाहाचा उल्लेख करी. त्झ-छी मरण पावला तेव्हा पो-याने तारा तोडल्या व पुन्हा छिनला हात लावला नाही. या कथेमुळे ‘स्वर जाणणारा’ या अर्थाचा ‘जी-यिन’ हा शब्द चिनी भाषेत जिवलग मित्रास लावला जाऊ लागला. आपल्या ‘सहृदय’ या संज्ञेच्या तो जवळचा आहे. कथा मात्र जशीच्या तशी राहिली नाही. १६२४ मधील फंग मंग-लुंग याच्या कथासंग्रहात त्झ-छी हा लाकूडतोड्या झाला, पो-या सरकारी अधिकारी झाला आणि त्याने संपूर्ण वाद्य दगडावर आपटले. सामान्य जनांच्या तोंडी आज हीच आवृत्ती आहे. विद्या व अधिकार यांच्या पलीकडे रसिकत्व असू शकते, हा आशय मूळ कथेत नव्हता. तो या नव्या पात्रयोजनेमुळे आला.

‘उंच पर्वत’ व ‘वाहते पाणी’ या नावांच्या रचना १४२५ च्या ‘शन-छी मी-फू’ या संग्रहात प्रथम मिळतात. हा संग्रह मिंग सम्राटाचा पुत्र जू छुआन याने सिद्ध केला असून छापील स्वरूपात शिल्लक राहिलेल्या छिनसंग्रहांत तो सर्वांत जुना होय. मुळात ही एकच रचना होती व तांग काळात तिच्या दोन रचना झाल्या, असे तो नमूद करतो. पो-याची कथा आणि हे लिखित यांत सोळाहून अधिक शतकांचे अंतर आहे. तेव्हा ही रचना पो-याची म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. शिवाय आज जी ‘वाहते पाणी’ मैफलींत ऐकू येते ती १४२५ ची नव्हे. एकोणिसाव्या शतकातील सिचुआनमधील ताओपंथी वादक जांग खुंग-शान याने तिच्यात तारांवरून बोटे झरझर लोळविण्याचा एक दीर्घ विभाग घातला. ‘बहात्तर लोळण्या’ या नावाने तो प्रसिद्ध असून १८७६ च्या संग्रहात त्याचे लेखन आहे. या विभागात खळाळ, भोवरे व दगडांवर फुटणारे पाणी यांचा भास होतो. जुन्या वळणाच्या काही रसिकांना तो अतिचित्रमय वाटतो. पण श्रोत्यांनी त्यास कौल दिला आहे.

क्वान फिंग-हू (१८९७–१९६७) याने वाजविलेली ही ‘वाहते पाणी’ १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्णमुद्रित तबकडीत समाविष्ट झाली. गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी गायिलेली भैरवीही त्याच तबकडीत आहे.

‘ग्वांगलिंग सान’ : लिखित, कथा व परंपरा यांचे संबंध किती गुंतागुंतीचे असतात, हे ‘ग्वांगलिंग सान’ या रचनेवरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशावरूनही होत नाही. ग्वांगलिंग हे आजच्या यांगजौ नगराचे जुने नाव. रचनेचा विषय म्हणून न्ये जंग या मारेकऱ्याची कथा सांगतात. ही कथा दोन प्रकारची आहे. इतिहासकार सिमा छ्येन याच्या ‘शी-जी’नुसार न्ये जंगने एका आश्रयदात्यासाठी हान राज्याच्या (नंतरच्या हान राजवंशाहून हे राज्य वेगळे) मंत्र्याचा वध केला व आपली ओळख पटून बहिणीवर संकट येऊ नये म्हणून स्वतःचा चेहरा विद्रूप करून प्राण दिले. बहिणीने मात्र भीती न बाळगता प्रेताजवळ येऊन भावाचे नाव जाहीर केले व तेथेच देह ठेवला. ‘छिन-त्साव’ या छिनविषयक ग्रंथात न्ये जंग हा तलवार घडविणाऱ्याचा मुलगा आहे. तलवार मुदतीत झाली नाही म्हणून राजाने बापास ठार केले. मुलाने अंगास रोगण फासून, निखारा गिळून रूप व आवाज पालटला, डोंगरात राहून छिन आत्मसात केले आणि दरबारात वादनास बोलावले गेले तेव्हा वाद्यात दडविलेल्या सुऱ्याने राजाला मारले. येथे प्रेत ओळखणारी स्त्री आई आहे. संगीताच्या ग्रंथाने कथेत वाद्य आणावे, हे स्वाभाविकच होते.

या रचनेचे नाव अमर झाले ते मात्र जी खांग (२२३–२६२) याच्यामुळे. ‘वेळूवनातील सात ज्ञानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मित्रमंडळातील हा कवी व तत्त्वचिंतक उत्कृष्ट छिनवादक होता. एका मित्रावरील खटल्यात त्याची बाजू घेतल्यामुळे व दरबारी वैऱ्यांनी कान भरल्यामुळे राज्याची सूत्रे हाती असलेल्या सिमा जाव याने त्यास मृत्युदंड दिला. राजकीय विद्यालयातील तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याला आपला गुरू म्हणून सोडावे असा अर्ज केला. तो मान्य झाला नाही. वधस्थानी जी खांगने सावलीकडे पाहून वेळ किती उरला याचा अंदाज घेतला, छिन मागवून ‘ग्वांगलिंग सान’ वाजविले आणि ही रचना शिकू इच्छिणाऱ्या एकास आपण नकार दिला होता, आता ती आपल्याबरोबर संपली, असे उद्गार काढले, असे वृत्तांत सांगतात. एका रात्री निर्जन मंडपात अज्ञात अतिथीने त्याला ती रचना शिकविली व कोणास न देण्याची शपथ घातली, अशी अद्भुत जोडही पुढे मिळाली.

याच जी खांगने ‘ध्वनीत दुःख वा आनंद नसतो’ असे प्रतिपादन करणारा प्रबंध लिहिला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. स्वर चांगला वा वाईट असू शकतो. शोक ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असतो व स्वर त्यास वाट करून देतो, असे त्याचे मत. ज्याच्या मरणकथेमुळे एका रचनेत पिढ्यान्‌पिढ्या शोक व संताप ऐकले गेले, त्यानेच असे म्हणून ठेवले होते. त्याचा युक्तिवाद सहज खोडण्यासारखा नाही.

रचना प्रत्यक्षात संपली नव्हती. ती अन्य वादकांनाही ठाऊक होती आणि ‘शन-छी मी-फू’त तिचे ४५ विभागांचे लेखन आहे. हे लिखित सुई राजवाड्यातून तांग दरबारात, तेथून लोकांत विखुरले व सुंग सम्राटाच्या भांडारात परत आले, असे जू छुआन सांगतो. विभागांना ‘हानला गाठणे’, ‘देहाचा त्याग’, ‘क्रोध उसळणे’, ‘तेजस्वी स्त्री’, ‘कीर्तीचा प्रसार’, ‘तलवार फेकणे’ यांसारखी उपशीर्षके आहेत. एका विभागाचे नाव ‘जिंग-ली’ असून ‘शी-जी’त दिलेल्या न्ये जंगच्या वस्तीच्या नावाशी ते जुळते. या लिखितातील स्वर तिसऱ्या शतकातले किती व नंतरचे किती हे वेगळे काढणे शक्य नाही. मात्र संग्राहकाच्या काळीही ते जुने समजले जात होते. रचनेसाठी दुसरी तार उतरवून पहिल्या तारेच्या स्वरात मिळवितात. छिनच्या तारांपैकी पहिली राजाची व दुसरी मंत्र्याची मानली जाते. त्यामुळे जू शी (११३०–१२००) या तत्त्वज्ञाने हे संगीत अशांत असून त्यात सेवकाने स्वामीवर कुरघोडी केल्याचा भाव आहे, असा ठपका ठेवला. तार जुळविण्याच्या पद्धतीतही राजद्रोह शोधला जावा, यावरून या संगीताकडे किती गांभीर्याने पाहिले जात होते, ते कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ग्वांगलिंग सान’ची जिवंत परंपरा उरली नव्हती. १९५० नंतरच्या दशकात क्वान फिंग-हू याने पेकिंग येथील संगीत संशोधन संस्थेत काम करीत असता जू छुआनच्या लिखितावरून दा-फू करून ती वाजविली. जाड तारांवरील ठसठशीत आघात व सावकाश चढत जाणारी लय ही त्याच्या वादनाची वैशिष्ट्ये असून पुढील बहुतेक वादकांनी ती आदर्श मानली.

पिपा : छिनच्या तुलनेत पिपाचा प्रवास वेगळा आहे. नासपतीच्या आकाराचे, चार तारांचे व पडदे असलेले हे वाद्य मध्य आशियातून व्यापारी मार्गाने चीनमध्ये रुळले. ‘पि’ व ‘पा’ ही उजव्या हाताच्या बाहेरच्या व आतल्या आघातांची नावे होत, असे हानकालीन कोशकाराने म्हटले आहे. तांग काळापर्यंत ते आडवे धरून मोठ्या नखीने वाजवीत. नंतर ते उभे धरून बोटांच्या नखांनी वाजविण्याची पद्धत रूढ झाली.

भारताशी या वाद्याचा अप्रत्यक्ष पण निश्चित संबंध पोहोचतो. ५६८ मध्ये तुर्क राजकन्येबरोबर कूचा राज्यातील सुजीव (चिनी लेखनात सू जी-फो) हा पिपावादक चीनच्या दरबारात आला. त्याने वर्णिलेल्या सात स्वरप्रकारांची नावे सुई राजवंशाच्या इतिहासात चिनी अक्षरांत नोंदलेली आहेत. त्यांत षड्ज, पंचम, कैशिक, साधारित या संस्कृत संज्ञा विद्वानांनी ओळखल्या आहेत. तमिळनाडूतील कुडुमियामलै येथील सातव्या शतकातील शिलालेखात दिलेल्या ग्रामरागांच्या नावांशी त्या पडताळून पाहता येतात.

पिपाशी निगडित प्रसिद्ध स्त्री म्हणजे वांग जाव-जून. इ. स. पू. ३३ मध्ये हान दरबाराने तिला उत्तरेकडील श्युंग-नू टोळ्यांच्या प्रमुखाकडे विवाहार्थ पाठविले. घोड्यावर बसून पिपा वाजवीत सीमा ओलांडणारी जाव-जून चित्रांत, नाटकांत व अनेक रचनांत आढळते. परंतु तिच्या हाती पिपा आले ते तर्काने. तिसऱ्या शतकातील शी छुंग या लेखकाने आपल्या काव्याच्या प्रस्तावनेत लिहिले, की पूर्वी एका राजकन्येस वूसून देशी पाठविताना वाटेतील दुःख हलके व्हावे म्हणून घोड्यांवर पिपा वाजविले गेले. जाव-जूनच्या पाठवणीतही तसेच घडले असावे. या ‘असावे’तून पुढील दीड हजार वर्षांची प्रतिमा निर्माण झाली.

युद्धवर्णनपर रचनांत ‘दाही दिशांचा दबा’ ही अग्रगण्य होय. इ. स. पू. २०२ मध्ये गायश्या येथे ल्यू बांगच्या सैन्याने श्यांग यू यास वेढून त्याचा पाडाव केला, तो तिचा विषय. १८१८-१९ च्या ह्वा घराण्याच्या संग्रहात तिचे लेखन मिळते. नगारे, सेनापतींची हजेरी, सैन्याची मांडणी, दबा, चकमक आणि नदीकाठी श्यांग यूचा आत्मघात, असे विभाग क्रमाने येतात. दोन तारा एकमेकींवर ओढून पिळल्याने शस्त्रांच्या खणखणाटासारखा आवाज काढतात; पाची बोटांच्या अखंड आघातांनी घोड्यांची दौड सूचित होते. हीच लढाई पराभूताच्या बाजूने सांगणारी ‘अधिपतीने चिलखत उतरविले’ ही स्वतंत्र रचना आहे. तिच्यात रणगर्जना थोडी असून वेढ्याबाहेरून ऐकू येणारी छू प्रांतातील गाणी व प्रिय यू-जी हिचा निरोप यांवर भर आहे. मोठ्या आवाजामुळे पहिली रचना अधिक वाजते. संगीत म्हणून दुसरी सरस आहे.

पिपाच्या क्षेत्रात शीर्षके व कथा सैलपणे फिरतात. ‘मावळतीची बासरी व नगारे’ या जुन्या रचनेस १८९५ मध्ये ली फांग-युआन याने आपल्या संग्रहात ‘श्युनयांगची पिपा’ असे नाव दिले. त्यामागे बाय जू-ई याने ८१६ मध्ये लिहिलेल्या, नदीवरील पिपावादिकेच्या सुप्रसिद्ध काव्याचा आधार होता. त्याने रचनांचे कर्तृत्वही प्राचीन व्यक्तींच्या नावे लावले, ते विश्वसनीय नाही. पुढे १९२५ च्या सुमारास शांघायमधील मंडळींनी तिचे वृंदरूप केले व तांग काळातील दुसऱ्याच काव्याचे नाव घेऊन तिला ‘वसंतातील नदी, फुले व चांदरात’ असे संबोधिले. आता श्रोत्यांना तिच्यात चांदणे दिसते, नगारे कोणी शोधत नाही.

कथा व रचना वाहून नेणारे सर्वच विद्वान नव्हते. वूशी गावातील आबिंग या नावाने ओळखला जाणारा अंध वादक ह्वा यान-जून (१८९३–१९५०) रस्त्यावर वाजवून पोट भरी. १९५० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस यांग यिन-ल्यू व त्साव आन-हे या संशोधकांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्याने उसन्या वाद्यांवर गजवाद्य अर-हूवरील तीन व पिपावरील तीन अशा सहा रचना वाजविल्या. पिपावरील तिहींत जाव-जूनच्या सीमापार प्रस्थानाची रचना होती. आणखी मुद्रण पुढे करावयाचे ठरले होते. पण त्याच वर्षी डिसेंबरात तो मरण पावला, आणि त्याला येत असलेल्या बाकीच्या रचना लिहिल्या गेल्या नाहीत.

छिनच्या बाबतीत असाच प्रयत्न जा फू-शी याच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये झाला. देशभर हिंडून ऐंशीहून अधिक वादकांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. त्यांतील अनेकांचे ते एकमेव मुद्रण ठरले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) छिन हे जुन्या उच्चवर्गाचे वाद्य म्हणून निंदिले गेले. रेशमी तारांची जागा त्याच सुमारास नायलॉन गुंडाळलेल्या पोलादी तारांनी घेतली. त्या तुटत नाहीत व नाद अधिक काळ टिकतो. परंतु बोटाच्या घर्षणाचा पूर्वीचा मऊ आवाज त्यांत नाही, म्हणून काही वादक रेशमाकडे परत वळले आहेत. युनेस्कोने २००३ मध्ये छिनसंगीताची मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशात गणना केली. जुन्या संग्रहांत मिळून हजारो लेखने असली, तरी त्या सुमारास नेहमी वाजविल्या जाणाऱ्या रचना शंभराच्या आसपासच होत्या. उरलेल्यांची चिन्हे वाचता येतात, पण त्यांतील अनेकांची लय अद्याप कोणी ठरविलेली नाही.